एसीतली बुरशी काढताना

एसी सुरू केला की सुरुवातीची काही मिनिटं खोलीत कुबट वास यायचा, न वाळलेले कपडे घडी करून कपाटात ठेवल्यावर येतो तसा. मग तो वास जायचा. खरं तर जायचा नाही, आपलं नाक त्याला सरावायचं. बाहेर जाऊन पुन्हा खोलीत आलं की परत जाणवायचा. फिल्टर मी वेळच्या वेळी धूत होते आणि ते स्वच्छ होते. तेव्हा वास फिल्टरच्या मागून कुठून तरी येत असणार हे उघड होतं. एसी बंद केला, त्याचा एमसीबी (विजेचा खटका) खाली पाडला, हवा बाहेर येते तिथली झडप हलक्या हाताने उघडली आणि आत टॉर्च मारला. आतल्या लांबट ब्लोअरच्या, म्हणजे हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर काळपट ठिपके होते. झडपेच्या आतल्या बाजूला होते, थंड हवा ज्या प्लॅस्टिकवरून घसटून बाहेर पडते त्यावरही होते. ओल्या टिश्यूने पुसलं तर काळं आणि थोडं बुळबुळीत निघालं. नुसती धूळ करडी असते, कोरडी असते, फुंकर मारली की उडते. हे तसं नव्हतं.

त्या खोलीत आमची दोन्ही मुलं झोपतात. मोठा चार वर्षांचा, आणि धाकटी तेव्हा नुकतीच रांगायला लागली होती. मोठ्याला रात्री कोरडा खोकला यायचा, सकाळी उठल्यावर नाक चोंदलेलं असायचं आणि दुपारपर्यंत सगळं ठीक व्हायचं. ताप नाही, खाणंपिणं व्यवस्थित. तो आजीकडे राहायला गेला की खोकला कमी वाटायचा. ‘वाटायचा’ असंच लिहिते, कारण आईच्या काळजीने केलेल्या निरीक्षणाला मी पुरावा म्हणणार नाही. पण वास, काळे ठिपके आणि खोकला हे तिन्ही एकाच खोलीत होते, त्यामुळे ते नजरेआड करणं शक्य नव्हतं.

आधी डॉक्टरांकडे गेलो. बालरोगतज्ज्ञांनी छाती तपासली, घरात कुणाला दमा आहे का, मुलाला लहानपणी इसब होता का, खोकला दिवसा धावताना येतो की फक्त रात्री, हे सगळं विचारलं. या वयात खोकल्याचं सगळ्यात नेहमीचं कारण विषाणू असतात आणि शाळेत जायला लागलेल्या मुलाला एकामागून एक सर्दी होत राहते, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. बुरशीमुळेच खोकला आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि नाही असंही म्हणाल्या नाहीत. ‘कारण काहीही निघो, बुरशी काढायचीच आहे. तेवढ्यासाठी तपासण्यांची वाट बघू नका,’ हे त्यांचं वाक्य मला फार उपयोगी पडलं. खोकला किती वाजता आणि कोणत्या खोलीत येतो ते लिहून ठेवायला सांगितलं. शिवाय काही खुणा सांगितल्या, ज्या दिसल्या तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं: श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, श्वास फार वेगाने चालणं, ओठ निळसर दिसणं, दूध पिताना किंवा बोलताना दम लागणं. त्या खुणा मी फ्रिजवर लावल्या. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झालेली असते, त्यांच्या बाबतीत गोष्ट वेगळी असते हेही त्यांनी सांगितलं. अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीने अशा मुलांना फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. तुमच्या घरात असं मूल असेल तर एसीला हात लावण्याआधी डॉक्टरांशी बोला.

त्या रात्री मी मोबाइलवर ‘काळी बुरशी’ आणि ‘बाळ’ असे शब्द टाकून वाचत बसले आणि घाबरले. सगळीकडे क्लीव्हलँडची गोष्ट येते. अमेरिकेतल्या या शहरात १९९३-९४च्या सुमारास काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि त्याचा संबंध त्यांच्या ओल आलेल्या घरांतल्या स्टॅकीबोट्रिस नावाच्या काळ्या बुरशीशी जोडला गेला. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपते. पुढचा भाग असा की तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने त्या अभ्यासाची फेरतपासणी केली आणि २००० साली जाहीर केलं की हा संबंध सिद्ध झालेला नाही. शिवाय स्टॅकीबोट्रिसला सतत भिजलेला कागद, पुठ्ठा, जिप्सम बोर्ड असं काहीतरी लागतं. एसीच्या आत साधारणपणे क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस या गटांतल्या बुरश्या आढळतात, आणि त्यांतल्याही काही काळ्या किंवा गडद दिसतात. नुसत्या रंगावरून बुरशीची जात ओळखता येत नाही आणि ती किती घातक आहे हेही कळत नाही. हे समजल्यावर माझी झोप परत आली, पण काम टाळावं असं मात्र वाटलं नाही. कारण ठामपणे माहीत असलेली गोष्टही कमी नव्हती. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ साली ओलसर घरांवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. नाक-घशाच्या तक्रारी, खोकला, छातीत घरघर आणि ज्यांना बुरशीची अ‍ॅलर्जी आहे अशा दमेकऱ्यांचा दमा बळावणं, यांचा ओल आणि बुरशीशी संबंध दाखवणारा पुरेसा पुरावा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

हवेचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत का, यावर नवरा आणि मी बराच वाद घातला. त्याला आकडा हवा होता. मी म्हटलं, आकडा आला तरी तो कशाशी ताडून बघणार? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही हवेत इतक्या बुरशीपर्यंत सुरक्षित आणि त्यापुढे असुरक्षित अशी रेषा आखलेली नाही, कारण तशी आखता येत नाही. ओल होऊ देऊ नका आणि झाली तर हटवा, एवढाच त्याचा गाभा आहे. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा तपासणीची गरज नसते, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा सांगते. तपासणीचे पैसे आम्ही साफसफाईसाठी राखून ठेवले.

एसीत बुरशी का होते हे मला मुळापासून समजून घ्यायचं होतं, कारण त्याशिवाय ती पुन्हा का होणार नाही याची खात्री कशी देणार? एसी हवा थंड करतो तेव्हा तिच्यातलं पाणीही काढतो. खोलीतली हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर साधारण २४ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी जमायला लागतं. एसीची कॉइल, म्हणजे हवा गार करणारी नळ्या आणि पातळ पत्र्यांची जुडी, त्यापेक्षा खूपच थंड असते. त्यामुळे ती चालू असेपर्यंत तिच्यावरून पाणी गळत राहतं, खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि पाइपातून बाहेर जातं. दमट दिवसांत तासाला लिटरभर किंवा त्याहूनही जास्त पाणी सहज निघतं. खरं तर एसीचा जन्मच हवेतल्या पाण्यासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने आधुनिक एसीचा आराखडा केला तो ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने तिथला कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगीत छपाई जागेवरून सरकायची. माणसांना गार वाटावं हा विचार नंतर आला. हे वाचल्यापासून मी एसीकडे पाणी गोळा करणारं यंत्र म्हणूनच बघते, आणि मग पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: हे पाणी कुठे जातं, आणि कुठे अडून राहतं?

बुरशीला वाढायला ओल आणि थोडं खाद्य लागतं. बीजाणू, म्हणजे जिच्यातून नवी बुरशी उगवते ती तिची सूक्ष्म बीजं, तर सगळ्या हवेत असतातच, आपल्या घरात, बाहेर, सगळीकडे. ते साधारण २ ते १० मायक्रॉनचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. एसीला जी जाळीची फिल्टरं असतात त्यांच्या छिद्रांतून हे बीजाणू विनासायास आत जातात. ती जाळी मोठी धूळ आणि तंतू अडवण्यासाठी आहे. आत कॉइलवर, ट्रेमध्ये आणि ब्लोअरवर बारीक धूळ, त्वचेचा कोंडा, कपड्यांचे तंतू बसलेले असतात आणि त्यांवर ओल असते. वस्तू ओली झाल्यापासून २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरू शकते. आमचा एसी रात्रभर चालायचा आणि सकाळी रिमोटने बंद व्हायचा. बंद होताच झडप मिटायची. ओली कॉइल, ओला ब्लोअर आणि पाणी साचलेला ट्रे दिवसभर त्या बंद पेटीत, अंधारात. रोज तेच. त्या पेटीला वाळायला कधी वेळच मिळत नव्हता.

पहिले टेक्निशियन आले त्यांनी पॅनल उघडून बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, फोम मारला की अर्ध्या तासात होईल. उघडायची गरज नाही.’ मी त्यांना ब्लोअर दाखवला. फोम कॉइलवर मारला जातो. ब्लोअर कॉइलच्या मागे-खाली, पेटीच्या पोटात असतो आणि त्याच्या प्रत्येक पात्याच्या खोलगट बाजूला काळा थर बसलेला होता. त्या थरातली बुरशी मेली तरी थर तिथेच राहिला असता, आणि मेलेल्या बुरशीचे कणही अ‍ॅलर्जी करू शकतात. म्हणून मारणं पुरेसं नसतं, काढून टाकावी लागते. त्यांना दुसरीकडे जायची घाई होती, आमचं जमलं नाही. दुसऱ्यांना मी फोनवरच विचारलं: ब्लोअर बाहेर काढाल का, ट्रे काढता येत असेल तर काढाल का, ड्रेन पाइपाचा ढाळ तपासाल का? ‘काढतो, पण अर्धा दिवस लागेल,’ असं उत्तर आलं. याच उत्तराची मी वाट बघत होते.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट साफसफाईच्या आधी येते. बुरशी एका जागी बसलेली असते तेव्हा तिचे कण थोडे थोडे उडतात. ती खरवडताना, ब्लोअर हलवताना, पाण्याचा फवारा मारताना ते एकदम मोठ्या प्रमाणात उडतात. म्हणजे लहान मुलांसाठी सगळ्यात वाईट वेळ ही साफसफाईचीच असते. विश्रांतीत मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, रांगतं मूल ३०च्या आसपास किंवा जास्त. वजनाच्या मानाने त्याच्या फुप्फुसांतून आपल्यापेक्षा बरीच जास्त हवा जाते. शिवाय ते जमिनीवर असतं, जिथे पडलेली धूळ पुन्हा उडते, आणि हात तोंडात घालतं. मोठी माणसं एन-९५ मास्क लावू शकतात. रांगत्या बाळाला तो बसत नाही आणि लावूही नये. ‘दार लावून घेऊ, मुलं बाहेरच्या खोलीत खेळतील’ हा पर्याय आम्ही विचारात घेतला आणि सोडून दिला. आदल्या संध्याकाळीच मुलं आजीकडे गेली.

खोलीतल्या गाद्या, उशा, चादरी, पडदे, मऊ खेळणी सगळं बाहेर काढलं. पलंग एसीखालून सरकवला आणि प्लॅस्टिकने झाकला. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल लावला, खिडक्या सताड उघडल्या आणि खिडकीत बाहेरच्या दिशेने पंखा ठेवला, म्हणजे हवा घरात न जाता बाहेर पडावी. टेक्निशियनदादांनाही एन-९५ दिला. त्यांनी आधी नको म्हटलं, पण ब्लोअर बाहेर काढल्यावर स्वतःच लावला. मी मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून मदतीला होते.

वीज मेनमधून बंद केल्यावर वरचं कव्हर निघालं, सर्किट बोर्ड आणि मोटर प्लॅस्टिकने घट्ट झाकली गेली, आणि मग कॉइलची एक बाजू किंचित उचलून ब्लोअर सरकत बाहेर आला. तो पिशवीत गुंडाळूनच बाथरूममध्ये नेला. खोलीतून उघडा नेला असता तर वाटभर कण सांडले असते. कोमट पाणी, भांडी घासायचं साधं द्रावण आणि मऊ ब्रश, एवढ्यावर काम झालं. एकेका पात्यातून निघालेला थर पाहून मला रडू येईल की काय असं वाटलं. ही हवा मुलं रात्रभर घेत होती. कॉइलवर पाणी कमी दाबाने आणि पत्र्यांच्या रेषेतच मारलं. आडवा जोराचा फवारा मारला तर अ‍ॅल्युमिनियमचे ते नाजूक पातळ पत्रे वाकतात, हवेची वाट अडते आणि कॉइल आणखीच ओली राहते. कॉइलखाली झोळीसारखी पिशवी बांधली होती, तिच्यातून काळं पाणी बादलीत पडत होतं.

मग ट्रे. ट्रेच्या एका कोपऱ्यात बुळबुळीत गाळ होता आणि पाणी उभं होतं, एसी आदल्या दिवसापासून बंद असूनही. कुबट वासाचं मुख्य ठिकाण हेच असावं. असा वास नुसत्या बुरशीचा नसतो, साचलेल्या पाण्यातल्या जिवाणूंच्या थराचाही असतो. दादांनी ड्रेन पाइपात वरून पाणी ओतलं, तर ते थांबत थांबत बाहेर आलं. बाहेर जाऊन बघितलं. पाइप भिंतीतून निघाल्यावर काही अंतर खाली जात होता आणि मग एका क्लॅम्पला अडकून पुन्हा किंचित वर चढत होता. हे पाणी कुठल्याही पंपाने जात नाही, फक्त उताराने जातं. त्या खोलगट भागात पाणी कायम साचलेलं, त्यात गाळ धरलेला, आणि मागचं पाणी ट्रेमध्ये तुंबलेलं. युनिटही ड्रेनच्या विरुद्ध बाजूला जरासं कललेलं होतं. एवढं सगळं साफ करून हा पाइप तसाच ठेवला असता तर काही आठवड्यांत तेच ठिपके परत आले असते. पाइप सरळ ढाळात बांधला, युनिट लेव्हलला आणलं. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच होतं, आणि त्याला फारसा वेळही लागला नाही.

युनिट भिंतीवरून थोडं पुढे ओढल्यावर मागच्या भिंतीवर तळहाताएवढा काळा डाग दिसला. तांब्याच्या गार नळीवरचं काळं इन्सुलेशन एका ठिकाणी फाटलं होतं, तिथे नळीला घाम येत होता आणि ते पाणी भिंतीत मुरत होतं. नळ्या जिथून बाहेर जातात त्या भोकाभोवतीची फटही बुजवलेली नव्हती, त्यामुळे बाहेरची दमट हवा थेट मागे येत होती. इन्सुलेशन बदललं, फट बंद केली. एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेवरची बुरशी घरच्या घरी काढता येते, असं साधारण मानलं जातं. आम्ही डाग आधी ओला करून घेतला, म्हणजे कण उडू नयेत, द्रावणाने घासून पुसला आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंग लावला नाही. बुरशीवर रंग मारला तर तो पोपडे धरून सुटतो आणि खाली बुरशी चालूच राहते. घर जुनं असेल तर इथे एक सावधगिरी हवी: जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते मुलांच्या मेंदूला घातक असतं, म्हणून असा रंग कोरडा घासायचा किंवा खरवडायचा नाही.

रसायनांबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण लहान मुलांच्या घरात सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले याच बाबतीत मिळतात. ब्लीच मारा, असं अनेकांनी सुचवलं. ब्लीचची वाफ मुलांच्या श्वासनलिकेला झोंबते, अ‍ॅल्युमिनियमची कॉइल गंजवते, आणि एसी सुरू केला की उरलेली वाफ थेट खोलीत येते. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तर विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो आणि व्हिनेगरसारखं आम्ल मिसळलं तर क्लोरीन. म्हणजे ‘थोडं हे, थोडं ते’ करणं जिवावर बेतू शकतं. कॉइल धुण्याचे काही फोम तीव्र अल्कलीचे असतात. वापरलेच तर भरपूर पाण्याने धुऊन काढावे लागतात, ‘धुवायची गरज नाही’ असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी मी धुतले असते. सुवासिक फवाऱ्याने वास झाकला जातो आणि मुलांच्या नाकात आणखी एक चिडवणारा पदार्थ जातो. आणि ओझोन सोडणारी यंत्रं तर मुलांच्या खोलीत आणूच नयेत. ओझोन स्वतःच फुप्फुसांना इजा करतो, आणि माणसांना सुरक्षित असेल इतक्या कमी प्रमाणात तो बुरशीवर परिणामही करत नाही. साबण, पाणी, ब्रश आणि नंतर पूर्ण कोरडं करणं, यापलीकडे आम्हाला काही लागलं नाही.

ओळखीच्या एकांनी एसीच्या पाण्यातून लिजिओनेअर्स आजार (जिवाणूंमुळे होणारा गंभीर न्यूमोनिया) होतो असं सांगून घाबरवलं होतं, त्याचंही निरसन करते. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात तो आजार प्रथम ओळखला गेला. मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमधून पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि त्यांतून तो पसरू शकतो. घरचा एसी पाण्याने हवा थंड करत नाही, त्यामुळे त्या आजाराची भीती इथे लागू होत नाही.

सगळं पुन्हा बसवल्यावर एसी आधी नुसत्या फॅनवर, खिडक्या उघड्या ठेवून, बराच वेळ चालवला. मग पाण्याने ओल्या केलेल्या फडक्यांनी खोलीतला प्रत्येक पृष्ठभाग पुसला, कपाटाची वरची बाजू, दाराची चौकट, पंख्याची पाती. झाडू फिरवला नाही, त्याने बसलेलं पुन्हा उडतं. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर मागून आणला होता, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरून ठेवण्याच्या कसोटीवर हे फिल्टर उतरतात. साध्या व्हॅक्यूमने बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकले असते. चादरी, पडदे, खेळणी धुऊन उन्हात कडक वाळवली. ज्या एका जुन्या उशीचा वास गेला नाही, ती टाकली. मुलं त्या रात्री आली नाहीत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली.

आता रोजच्या गोष्टी. सकाळी एसी बंद करण्याआधी आम्ही तो अर्धा तास फॅन मोडवर ठेवतो आणि मग बंद करतो, म्हणजे आतली ओल वाळते. काही एसींना हे आपोआप करण्याची सोय असते, आमच्याही रिमोटवर ते बटण होतं. मात्र एक बारकावा आहे: या वेळात कॉइलवरचं पाणी हवेबरोबर खोलीत परत येतं, म्हणून तेव्हा खिडकी उघडतो आणि मुलांना खोलीबाहेर काढतो. फिल्टर दर दोन आठवड्यांनी निघतात आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लागत नाहीत. आर्द्रता मोजणारं एक छोटं मीटर मुलांच्या हाताला लागणार नाही असं कपाटावर ठेवलं आहे. आकडा ५०च्या आसपास असावा आणि ६०च्या वर टिकू नये, असा प्रयत्न असतो. मीटरमुळे एक अनपेक्षित गोष्ट कळली. खोली लवकर गार व्हावी म्हणून एसी अगदी कमी तापमानावर आणि पंखा पूर्ण वेगात ठेवला तर आर्द्रता तितकीशी उतरत नाही. पंखा मध्यम ठेवला की हवा कॉइलपाशी जास्त वेळ थांबते आणि पाणी जास्त निघतं. खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेतला तरी हाच त्रास होतो, तो पटकन गार करून थांबतो आणि हवा दमटच राहते. पाळणा हवेच्या थेट झोतातून बाजूला घेतला आहे. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालणं पूर्ण बंद.

मोठ्याचा रात्रीचा खोकला त्यानंतरच्या आठवड्यांत बराच उतरला. वहीत ते दिसतं. नंतर शाळेतून सर्दी आली तेव्हा तो पुन्हा खोकला, पण दिवसाही, ताप आणि शेंबडासकट, आणि सर्दीबरोबरच गेला. डॉक्टर म्हणाल्या की सकाळचं चोंदलेलं नाक थांबलं ही चांगली खूण आहे, आणि तरी दम्याची शक्यता म्हणून वर्षभर लक्ष ठेवायचं. अ‍ॅलर्जीची तपासणी सध्या नको, खोकला परत असाच सुरू झाला तर करू, असं ठरलं आहे.

दुसऱ्या खोलीतला एसी मात्र वेगळा निघाला. तो जुना आहे, त्याचा ट्रे पेटीशी एकसंध आहे, काढता येत नाही, आणि आतल्या बाजूला चिकटवलेल्या स्पंजसारख्या इन्सुलेशनमध्ये बुरशी खोलवर गेली आहे. अशा सच्छिद्र वस्तूतून ती धुऊन निघत नाही, तो भागच बदलावा लागतो, आणि या मॉडेलचा तो भाग आता मिळत नाही असं दादांनी सांगितलं. तो एसी आम्ही बंद केला, त्याचा एमसीबी पाडून वर टेप लावली, म्हणजे पाहुण्यांपैकी कुणी चुकून सुरू करू नये. नवीन घेईपर्यंत त्या खोलीत पंखा आणि उघडी खिडकी, आणि मुलं पहिल्या खोलीतच झोपतात. नवीन घेताना दुकानात मी ट्रे आणि ब्लोअर काढून दाखवायला सांगणार आहे.